पाणी निथळलं पाहिजे: ट्रेलरवरची बोट आणि तिचं इंजिन हिवाळ्यातून सुखरूप कसं काढायचं

माझ्या पहिल्या बोटीचं इंजिन फुटलं ते दोन-तीन पेले पाण्याने. मोसम संपल्यावर मी ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या) बाजूचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, उघडला होता. थोडी धार लागली, मग थेंब पडू लागले, मग तेही थांबले. मला वाटलं, रिकामं झालं. प्लग परत लावला, वरून ताडपत्री ओढली. वसंतात डिपस्टिक बाहेर काढली तर तिच्यावर तेलाऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी लागलेलं, आणि ब्लॉकच्या कुशीला गंजाची केसाएवढी रेघ. ती रेघ म्हणजे तडा होता. प्लगच्या भोकाआड गंज आणि रेती साचून आतून बूच बसलं होतं आणि त्यामागचं पाणी जिथल्या तिथे होतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. ओतीव लोखंड ताणलं जात नाही, ते तडकतं.

तेव्हापासून हिवाळ्याची तयारी म्हणजे माझ्यासाठी एकच काम आहे: पाणी कुठे कुठे अडकून राहू शकतं ते शोधायचं आणि तिथून ते बाहेर काढायचं. बाकी तेल, पेट्रोल, बॅटरी, आच्छादन हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण त्यातली चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते. फुटलेला ब्लॉक क्वचितच होतो.

नव्याने बोट घेतली असेल तर हे काम पहिल्या वर्षी एक पूर्ण दिवस खाईल. पुढच्या वर्षी अर्ध्या दिवसात होईल. मात्र ते पहिल्या कडक थंडीच्या आधी झालं पाहिजे. पारा शून्याच्या जरा खाली जाऊन सकाळी वर आला तर मोठ्या इंजिनाला सहसा काही होत नाही, पण बारीक नळ्या, पंप आणि पातळ धातूचे कूलर एका रात्रीत जाऊ शकतात. हवामानाचा अंदाज पाहून “अजून आठवडा आहे” असं म्हणत बसू नका. शरद संपेपर्यंत बोट वापरायचीच असेल तर प्रत्येक फेरीनंतर इंजिनातलं पाणी काढून ठेवायची सवय लावा.

आधी आपलं इंजिन ओळखा

इंजिनाचं मॅन्युअल हाताशी घ्या. नसेल तर मॉडेल क्रमांकावरून मिळवा. पुढे जे सांगतो आहे ते सर्वसाधारण आहे. तुमच्या इंजिनाला किती प्लग आहेत आणि ते कुठे आहेत, हे मॅन्युअलच सांगेल. माझं म्हणणं आणि मॅन्युअल यांत फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं इंजिन, या बाबतीत सगळ्यात सोपं. ते सरळ उभं केलं की आतलं पाणी आपसूक खाली उतरतं. इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असतं (स्टर्नड्राइव्हचा पंखा फिरवणारा भाग तेवढा मागे बाहेर असतो) आणि बऱ्याच बोटींत ते तळ्याचं किंवा समुद्राचं पाणी ओढून थेट ब्लॉकमधून फिरवतं. जोखीम आहे ती इथे, कारण ते पाणी आपण काढल्याशिवाय जात नाही. काही इंजिनांत बंद कूलिंग असतं: ब्लॉकमध्ये गाडीसारखं कूलंट आणि त्याला थंड करायला बाहेरचं पाणी. असं इंजिन असलेले लोक निर्धास्त असतात, पण हीट एक्स्चेंजर (जिथे कूलंट आपली उष्णता बाहेरच्या पाण्याला देतं), पाण्याचा पंप आणि कित्येकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारा ओतीव भाग) यांत बाहेरचंच पाणी खेळत असतं. म्हणजे अर्धं काम त्यांनाही चुकत नाही. शिवाय ब्लॉकमधलं कूलंट किती थंडीपर्यंत टिकेल हे दरवर्षी मापकाने तपासायला हवं.

पेट्रोल: शेवटच्या फेरीच्या आधीच

हे काम लोक शेवटी करतात. मी ते सगळ्यात आधी करतो, कारण मग शेवटची फेरीच त्याला उपयोगी पडते. टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर बाटलीवर दिलेल्या मापाने टाका, वर ताजं पेट्रोल भरा आणि फेरफटका मारून या. पाण्यावर बोट हिंदकळते तसं ते छान मिसळतं आणि इंजिनाच्या कार्ब्युरेटरपर्यंत किंवा इंजेक्टरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून ठेवलं तर नळ्यांमधलं जुनं पेट्रोल तसंच राहतं आणि महिन्यांनी त्याचा चिकट थर बसतो. एक लक्षात ठेवा, स्टॅबिलायझर ताजं पेट्रोल टिकवतो. शिळं झालेलं पेट्रोल तो ताजं करत नाही.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते नेमकं तळातून. बसवलेली टाकी म्हणून जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. अगदी काठोकाठ मात्र नको. ऊन पडल्यावर पेट्रोल फुगतं, त्याला थोडी मोकळीक हवी. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर हिवाळ्यासाठी तेच भरा. उचलून नेता येणारी छोटी टाकी असेल तर ती रिकामी करणं उत्तम. तेल न मिसळलेलं पेट्रोल गाडीत वापरून टाकता येतं, पण टू-स्ट्रोकसाठी तेल मिसळलेलं पेट्रोल गाडीत घालू नका. पेट्रोल आणि पाणी वेगळं करणारा फिल्टरही याच वेळी बदला. जुन्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून पाच मिनिटं ठेवलं तर टाकीत पाणी आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

धुणं, गरम करणं, तेल बदलणं

बोट ट्रेलरवर आली की इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर मीठ, तळ्यात चालवली असेल तर गाळ निघतो. पाणी ओढायच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या रबरी वाट्या मिळतात, त्यांना बागेतला पाइप जोडायचा. आधी पाणी सोडायचं, मग इंजिन सुरू करायचं. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. हा क्रम उलटा झाला तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरतो आणि काही सेकंदांत जळायला लागतो. गिअर न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कोणी नाही, आणि बोट उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. इंजिन गरम झालं, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याला ब्लॉकमधून वाट देणारी झडप) उघडला की इंजिन बंद करा आणि फोर-स्ट्रोक असेल तर लगेच तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. गरम तेल पातळ असतं, ते तळातला काळा गाळ सोबत घेऊन येतं. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेलं आम्ल आणि ओल असते. तेच चार-पाच महिने बेअरिंगना लागून राहिलं तर पृष्ठभाग खाल्ले जातात. तेल वसंतात बदलण्याऐवजी आत्ता बदलण्याचं कारण तेवढंच. नवं तेल घातल्यावर पुन्हा वाट्या लावून, पाणी सोडून, दोन मिनिटं इंजिन फिरवा, म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल.

त्यानंतर फॉगिंग ऑइल. हे फवाऱ्याच्या डब्यात येतं आणि सिलिंडरच्या भिंतींवर चिकट थर धरतं, त्यामुळे ओलीने गंज चढत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंजिन चालू असतानाच हवेच्या तोंडाशी फवारतात. भरपूर पांढरा धूर येतो, घाबरू नका. इंजेक्शनच्या इंजिनांत मात्र मॅन्युअल काय म्हणतं ते पाहूनच करा. काहींना असा फवारा चालत नाही, तिथे स्पार्क प्लग काढून भोकातून थोडं थोडं तेल सोडतात आणि इंजिन एक-दोन फेरे फिरवतात. तसं फिरवताना किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी ओढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही.

इंजिनातलं पाणी काढणं

इथे घाई करू नका. इनबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्ह असेल तर मॅन्युअलमधली प्लगची आकृती पाहून प्रत्येक जागा कागदावर लिहून काढा. व्ही आकाराच्या इंजिनाला ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना एकेक प्लग असतो, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना वेगळे असतात, आणि पाण्याच्या पंपाकडे जाणारा जाड होज (रबरी नळी) खालच्या टोकाला सोडवावा लागतो. पॉवर स्टिअरिंगचा किंवा तेलाचा कूलर असेल तर त्यातही पाणी असतं. तो सहसा सगळ्यांच्या विसरण्यात जातो आणि पातळ असल्याने सगळ्यात आधी फुटतो.

आता प्लग उघडा. भोकाखाली वाडगा धरा. पाणी येईल, मंदावेल, थांबेल. ते थांबलं की काम संपलं असं समजू नका. एक ताठ तार घ्या, सायकलच्या आऱ्याएवढी जाड पुरे, आणि ती भोकातून आत घालून टोकरा. टोकाला कधी भुसभुशीत, कधी कडक असं काहीतरी लागतं. ते गंजाचे पापुद्रे आणि वाळू. तार फिरवत राहिलात की ते एकदम सुटतं आणि तांबूस पाण्याची दुसरी धार येते, पुष्कळदा पहिलीपेक्षा मोठी. ती थांबली की पुन्हा टोकरा. तार आत-बाहेर करताना काहीच न अडकता मोकळी फिरली आणि पाणी आलं नाही, की तो प्लग झाला. प्रत्येक भोकातून किती पाणी आलं ते वाडग्यात मोजून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी एखाद्या बाजूने निम्मंच पाणी आलं तर कुठेतरी अडलं आहे हे तुमचाच कागद तुम्हाला सांगेल. माझ्याकडे पहिल्या वर्षी असा कागद असता तर ते इंजिन वाचलं असतं.

बोट कशी उभी आहे यालाही अर्थ आहे. ट्रेलर पुढून किती उचलायचा किंवा सपाट ठेवायचा हे इंजिनावर अवलंबून असतं, मॅन्युअलमध्ये पाहा. कललेल्या बोटीत एखाद्या कप्प्यातलं पाणी प्लगपर्यंत पोचतच नाही.

आउटबोर्डला हे सगळं करावं लागत नाही. ते पूर्ण सरळ खाली करा, पाणी निथळू द्या, किल स्विचची दोरी काढून क्षणभर स्टार्टर फिरवा म्हणजे पंपात राहिलेलं पाणीही निघेल. आणि मग ते तसंच सरळ ठेवा, पूर्ण हिवाळा. रस्त्यावरून नेताना इंजिन वर उचलावं लागतं आणि तशाच अवस्थेत बोट उभी करून ठेवायची सवय लागते. वर उचललेल्या इंजिनात पंख्याच्या मधल्या पोकळीत पाऊस आणि बर्फाचं पाणी साचतं, तिथेच गोठतं, आणि खालच्या गिअरच्या पेटीला तडा देतं. स्टर्नड्राइव्हचा बाहेरचा भागही खाली सोडलेलाच ठेवावा, त्याने रबरी घड्यांवरचा ताणही जातो. वॉटर जेटच्या यंत्रात बाहेरचं पाणी बंद केल्यावर दोन-तीन सेकंदांचे छोटे झटके देऊन एक्झॉस्टमधलं पाणी उडवतात. झटके छोटेच हवेत, कारण तेवढा वेळ ते कोरडं चालत असतं.

अँटीफ्रीझ घालायचं का?

बाहेरचं पाणी ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनांना मी हा लवकर न गोठणारा द्राव घालतो, पण पाणी काढून झाल्यावर. त्याच्या ऐवजी नाही. पुष्कळजण बादलीतून गुलाबी अँटीफ्रीझ इंजिनाला ओढू देतात आणि मागून गुलाबी रंग दिसला की काम झालं समजतात. पण इंजिन थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो, आणि अँटीफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून सरळ एक्झॉस्टमधून बाहेर येऊ शकतं. मागे रंग गुलाबी, आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी जसंच्या तसं. दुसरं असं की आत राहिलेलं पाणी अँटीफ्रीझला पातळ करतं आणि त्याची ताकद घटते. बाटलीवर उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ४६ सेल्सिअस लिहिलेलं असतं. तो आकडा न मिसळलेल्या द्रावाने नळी फुटू न देण्याचा असतो. त्याचा चिखलासारखा बर्फ त्याच्या खूप आधी व्हायला लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा: पाणी काढा, तारेने टोकरा, प्लग लावा, मग थर्मोस्टॅटजवळचा होज सोडवून वरून ब्लॉकमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये अँटीफ्रीझ ओता. भरल्यावर एखादा खालचा प्लग किंचित सैल करून पाहा, शुद्ध रंगीत द्राव आला पाहिजे. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड लागतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात. प्रॉपिलीनचंही पाण्यात किंवा गटारात सोडू नका, वसंतात बादलीत गोळा करा.

गिअरचं तेल

हे प्रत्येक आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हला लागू. खालच्या गिअरपेटीत रबरी सील झिजलेलं असेल तर तेलात पाणी शिरतं, आणि तिथे गोठलं तर पेटी फुटते. तेल काढताना आधी खालचा स्क्रू सैल करा आणि पहिल्या थेंबांकडे नीट पाहा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. मग वरचा स्क्रू काढा, म्हणजे हवा जाऊन धार मोकळी होईल.

तेल काळं किंवा गडद पण पारदर्शक असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी आहे आणि सील बदलल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर मऊ काळपट लेप असतोच, पण चकाकणारे कपचे दिसले तर मेकॅनिकला दाखवा. नवं तेल नेहमी खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल ओघळेपर्यंत. वरून ओतलं तर आत हवेचा फुगा अडकतो. भरल्यावर आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून पटकन खालचा. दोन्हींचे वॉशर नवे घाला.

पंखाही याच वेळी काढा. त्यामागे शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळलेली सापडते, ती सील कापते आणि पाणी शिरतं ते बऱ्याचदा तिच्यामुळेच. शाफ्टला ग्रीस लावून पंखा परत बसवा, किंवा घरात ठेवा. चोरीचाही प्रश्न मिटतो.

बोटीत पाणी अजून कुठे लपतं

तळाचा ड्रेन प्लग काढून ट्रेलरचं पुढचं टोक उंच करा, म्हणजे बिल्जमधलं (बोटीच्या तळातल्या पोकळीतलं) पाणी निघेल. भोकात पानं किंवा कचरा अडकणार नाही याची खात्री करा. बिल्जचा पंप, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप, डेक धुण्याचा पंप आणि त्यांचे होज. सगळ्यांच्या खालच्या वळणात थोडं पाणी उभं राहतं. होज सोडवा, फुंका, हलवा. जुन्या पद्धतीचा पाण्याच्या दाबावर चालणारा वेगमापक असेल तर त्याच्या बारीक नळीतही पाणी असतं. पाणी आत घेणारे बॉल व्हॉल्व्ह बंद अवस्थेत गोळ्याच्या पोटात पाणी धरून ठेवतात, ते निथळताना अर्धवट उघडे ठेवा. केबिन असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी, हीटर आणि शौचालय, तिन्ही रिकामी करा.

बोट पूर्ण वाळवा. पाणवनस्पती आणि शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणूनही ते गरजेचं आहे. गाद्या, जाकिटं, दोऱ्या, अग्निशामक आणि नकाशाचं यंत्र घरात आणा. गाद्या आत ठेवणारच असाल तर कडेवर उभ्या करा.

बॅटरी

पूर्ण चार्ज असलेली शिसे-आम्लाची बॅटरी उणे ५० अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे १० अंशांच्या आधीच गोठू शकते, कारण तिच्यातलं आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं. आधी ऋण तार सोडवा, मग धन. बॅटरी काढून थंड, कोरड्या जागी ठेवा, टोकं साफ करा आणि पूर्ण चार्ज करा. तास-दोन तास विसावल्यावर मापकावर १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसलं पाहिजे. महिन्यातून एकदा तपासा आणि १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करा, किंवा बेताने चार्ज करणारा आपोआप थांबणारा चार्जर लावून ठेवा. गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नका, ती फुटू शकते. लिथियमची असेल तर शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नका.

आच्छादन

नव्या माणसाची इथली चूक म्हणजे ताडपत्री बोटीवर नुसती पसरणं. मध्ये ती झोळीसारखी खाली येते, पावसाचं पाणी साचतं, त्यावर बर्फ पडतो, आणि त्या वजनाने खांब वाकतात, काच फुटते. मध्यभागी उंच आडवी दांडी टाका आणि दोन्हीकडे छपरासारखा तीव्र उतार द्या. दांडीच्या टोकांना आणि काचेच्या कडांना जुना गालिचा किंवा फोम गुंडाळा. ताडपत्री सैल असेल तर वाऱ्यात फडफडून रंग घासून काढते, म्हणून घट्ट बांधा. तिच्या कड्यांना पाण्याच्या बाटल्या टांगायची पद्धत आहे. मला ती पसंत नाही, त्या बोटीवर आपटत राहतात. पट्टे ट्रेलरखालून फिरवा.

हवा खेळती हवी. पुढे आणि मागे फटी ठेवा, नाहीतर आतल्या ओलीने बुरशी येते. इंजिनाजवळ बल्ब किंवा छोटा हीटर ठेवून पाणी न काढता हिवाळा काढायचा विचार करू नका. पेट्रोलची वाफ साचलेल्या जागेत ते धोक्याचं आहे, आणि वीज जाते ती नेमकी वादळाच्या आणि कडाक्याच्या रात्री.

उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात आणि गाद्यांतला फोम उपसून घरटं करतात. खाण्याचा कण ठेवू नका. एक्झॉस्टची तोंडं तांब्याच्या जाळीने बुजवा. लोखंडी जाळी गंजून डाग पाडते. काय काय बुजवलं ते लिहून ठेवा.

ट्रेलर

बोट पाण्यात सोडताना चाकाचे हब गरम असतात. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. ते पाणी हिवाळाभर बेअरिंगमध्ये बसून गंज करतं, आणि पुढच्या मोसमात चाक निघतं ते वेगात असताना. म्हणून चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा, खरखर ऐका, आणि बेअरिंग धुऊन नवं बोटींसाठीचं ग्रीस भरा. ब्रेक गोड्या पाण्याने धुवा. हँडब्रेक असेल तर तो ओढून ठेवू नका, चिकटतो. चाकांना ठोकळे लावा. टायर वजनापासून मोकळे ठेवता आले तर ट्रेलरच्या सांगाड्याखाली, आसाजवळ, ठोकळे द्या. वजन सगळीकडे सारखं पडलं पाहिजे. तसं जमत नसेल तर हवा टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी भरा आणि चाकं उन्हापासून झाका. बोट बांधलेले मागचे पट्टे थोडे सैल करा, तिच्या पाठीवर महिनोन्महिने ताण नको.

हिवाळ्यात आणि त्यानंतर

प्रत्येक मोठ्या बर्फानंतर एक चक्कर मारा. बर्फ मऊ झाडूने खाली लोटा, फावड्याने नको. तळाचं भोक उघडं आहे का पाहा, त्यातून बर्फाची सुई लोंबत असेल तर वर कुठेतरी पाणी झिरपतं आहे.

वसंतासाठी आत्ताच एक कागद करा: कोणते प्लग बाहेर आहेत, कोणते होज सोडवले आहेत, कुठे जाळी भरली आहे, कुठे अँटीफ्रीझ आहे. तळाचा प्लग आणि हा कागद एका पिशवीत घालून ती पिशवी इंजिनाच्या किल्लीला बांधा, म्हणजे प्लग न लावता बोट पाण्यात सोडायची वेळ येणार नाही. त्या दिवशी किल्ली फिरवण्याआधी डिपस्टिक काढून बोटावर पुसून पाहा आणि ब्लॉकच्या दोन्ही कुशी टॉर्चने न्याहाळा. तेल तेलासारखं दिसलं, कुठे गंजाची रेघ नसली, की बॅटरी जोडा. धन तार आधी.